अडुसष्ट थांबे

१८ ऑगस्ट २०२४
सोलापूर

सई,

वर 'चि.' लिहिलं होतं. खोडलं आणि कागद बदलला.

माझा नंबर तू बंद केला आहेस, म्हणून पत्र. नंबर चालू असता तरी फोनवर माझ्या तोंडून सूचनाच येतात, असं बाबांचं म्हणणं आहे. कागदावर सूचना आली तर ती मला दिसते. खोडता येते.

मी पळायला लागले आहे. दोन फेब्रुवारीला इथे एकवीस किलोमीटरची शर्यत आहे, तिच्यात नाव घातलं आहे. गेल्या जुलैत तू हॉस्टेलला निघालीस, तेव्हा सांगलीची बस सुटताना खिडकीतून म्हणालीस, "तू एकदा पळून बघ." तुझं माझ्याशी ते शेवटचं वाक्य. तर बघतेय.

पहिल्या दिवसाचं सांगते. तुझ्या सरावाच्या चार वर्षांत मी स्कूटीचा काटा बाराच्या खाली येऊ दिला नव्हता. तू रस्त्याच्या कडेने, मी तुझ्या शेजारून. बारा मला फार हळू वाटायचं. गाडी डुगडुगायची. म्हणून परवा अक्कलकोट रोडवर, एमआयडीसीच्या वळणापासून, मी बाराच्या वेगाने निघाले. तिसऱ्या खांबाला दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. डोळ्यांपुढे काजवे.

पहिल्या शिफ्टचे कामगार सायकलवरून चालले होते. एक म्हणाला, "काकू, बस चुकली का?" दुसरा म्हणाला, "बस न्हाय रं, मागं कुत्रं लागलंय." दोघांनी मागे वळून खरंच कुत्रं आहे का बघितलं.

तीन खांब म्हणजे साधारण शंभर मीटर. अजून वीस किलोमीटर नऊशे मीटर शिल्लक आहेत.

आई

९ सप्टेंबर

सई,

बाबांना तू फोनवर विचारलंस म्हणे, "बूट कुठले घेतले?" त्यांनी स्वयंपाकघरात येऊन मला विचारलं, मी सांगितलं, ते परत गच्चीवर गेले. मी पोळी लाटत उभी होते. ती पोळी करपली.

बूट नवी पेठेतून घेतले. दुकानदाराने विचारलं, "मुलीसाठी का?" मी हो म्हणाले. मग घालून बघायला पाय पुढे केला तेव्हा त्याची पंचाईत झाली, माझीही.

आपल्या खालच्या मजल्यावरचे सिद्धलिंगप्पा आठवतात? टॉवेलच्या कारखान्यात छत्तीस वर्षं मागावर होते. आता एकाहत्तरचे आहेत. मी जिन्यात गुडघा धरून बसले होते, तेव्हा त्यांनी विचारलं, "काय वो मॅडम, पडला का काय?" मी म्हणाले, पळत होते. ते म्हणाले, "कशाला?"

मी शर्यतीचं सांगितलं. ते म्हणाले, "मग श्रावणात सोमवारी माझ्यासंगं चला की. अडुसष्ट लिंगाची फेरी असतीया. गावाभोवती सगळी. लई चालणं होतंय."

इतकी वर्षं या गावात राहून मी ती फेरी केली नव्हती. सिद्धरामेश्वरांनी स्थापलेली ही अडुसष्ट लिंगं कुठे कुठे आहेत, तुला कल्पना नाही. एक आमच्या शाळेच्या भिंतीला लागून आहे. मी त्याच्यावरून बावीस वर्षं ऑफिसला जातेय. हजेरीचं पुस्तक उघडायची घाई असते, त्यामुळे दिसलं नव्हतं.

ते चालतात, मी पळते. एका लिंगापासून दुसऱ्यापर्यंत मी पुढे पळून जाते आणि नमस्कार करून त्यांची वाट बघते. पुढचं कुठे ते मला माहीत नसतं. ते येतात, तांब्यातलं थोडं पाणी घालतात, बेलाचं पान ठेवतात आणि पुढच्या बोळाची खूण सांगतात. मी पुन्हा सुटते. श्रावण संपला, तरी आम्ही सोमवार सोडलेला नाही. पहिल्यांदा अकराव्या लिंगापासूनच घरी परतले. काल-परवापर्यंत तिसावं गाठलं.

गुडघा बरा आहे.

आई

१३ ऑक्टोबर

सई,

काल दसऱ्याच्या पहाटे अडुसष्टही झाली. सगळी. फोनने अंतर पंधराच्या पुढे दाखवलं. शेवटच्या लिंगापाशी सिद्धलिंगप्पांनी माझ्या हातावर खडीसाखर ठेवली आणि म्हणाले, "आता तुमाला कोण अडवतंय?"

मी हिशेब केला आहे. ऑक्टोबरमध्ये पंधरा, तर जानेवारीत एकवीस सहज. पंधरा किलोमीटर, सई. सत्तेचाळीस वर्षांची, शाळेच्या ऑफिसात खुर्चीवर बसणारी बाई.

बाबा म्हणाले, "तिला एवढं आकड्यांत लिहू नकोस." का ते सांगितलं नाही. मी लिहिलं आहे.

सोनं या पाकिटात घालते आहे. दोन पानं. चुरा झाला असेल तर तसाच घे.

आई

१७ नोव्हेंबर

सई,

महिनाभर लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं.

दिवाळीनंतरच्या रविवारी मी अक्कलकोट रोडला गेले. सरळ रस्ता, बारा किलोमीटर एकटीने पळायचं ठरवून. चौथ्या किलोमीटरला पाय थांबले. मी थांबवले नाहीत, ते थांबले. पुढे ढकलून बघितले, तर मांड्या थरथरायला लागल्या. एका टॉवेलच्या कारखान्याच्या दारात बसले. आतून मागांचा आवाज येत होता. पहारेकऱ्याने पाणी दिलं आणि म्हणाला, "अम्मा, हल्लू हल्लू. कायकू इत्ता भागते?"

पुढच्या रविवारी पुन्हा गेले. पुन्हा चौथा.

कारण कळायला मला दोन आठवडे लागले. तुला एका क्षणात कळलं असेल, कदाचित मागचं पत्र वाचतानाच. मी पंधरा किलोमीटर कधीच पळले नव्हते. मी दोनशे-अडीचशे मीटर पळाले होते, अडुसष्ट वेळा. मधे प्रत्येक वेळी नमस्कार, बेलाचं पान आणि सिद्धलिंगप्पा मागून येईपर्यंतची सावली. आणि त्याची बेरीज करून तुला लिहून पाठवली.

सिद्धलिंगप्पांना सांगितलं तर ते इतके हसले की त्यांच्या पत्नी अक्कम्मा आतून बाहेर आल्या. त्यांनी अक्कम्मांना कानडीत सगळं सांगितलं. मग त्याही हसल्या.

"त्या रोडला देव न्हाईत व्हय?" ते म्हणाले. "खांब हायत की. दहा खांब पळायचं, एक खांब चालायचं."

मी म्हणाले, शर्यतीत असं थांबत नाहीत.

"कोण म्हणलं?"

मी म्हणाले, मला माहीत आहे. मी चार वर्षं शिकवलं आहे.

ते जिन्याच्या पायरीवर बसले. म्हणाले, "मॅडम, मागावर धागा तुटला की माग थांबवायचा. गाठ मारायची, मग सुरू. दिवसाला शंभर बार थांबवायचो. मालक कधी म्हणला न्हाई की सिद्धलिंगप्पा काम करत न्हाई. न थांबवता चालवला की कापड खराब. सगळा टॉवेल वाया." मग उठता उठता त्यांनी सहज विचारलं, "तुमच्या पोरीला तरी थांबू देत होता का न्हाई?"

त्यांना काही माहीत नाही. खाली राहतात, तुला प्लॅस्टरमध्ये जिना चढताना पाहिलं, एवढंच.

मी म्हणाले, कुकर लावायचा आहे. आणि वर आले.

आई

८ डिसेंबर

सई,

दोन वर्षं होतील बुधवारी. तुला तारीख सांगायला नको. पण मी हे एकदाही पूर्ण बोललेले नाही, ना तुझ्याशी, ना बाबांशी. म्हणून लिहिते. तुला वाचायचं नसेल तर हा कागद सोडून दे, पुढच्यात शर्यतीचं असेल.

निवड चाचणीच्या आधी पाच आठवडे तुझी डावी नडगी दुखत होती. बाबा म्हणाले, आधी डॉक्टरांना दाखवू. मी म्हणाले, डॉक्टर एकच सांगतील, पळू नको. म्हणजे मला माहीत होतं.

सकाळी मी क्रेप बँडेज बांधलं. गोळी दिली. तीन हजार मीटर, साडेसात फेऱ्या. पाचवी संपताना तू कुंपणाजवळून गेलीस आणि म्हणालीस, "आई, दुखतंय." मी म्हणाले, "अडीचच राहिल्यात." तू ऐकलंस. ऐकायला नको होतंस, पण तशी सवय मीच लावली होती. अक्कलकोट रोडवर तू मंदावलीस की मी दोनदा हॉर्न वाजवायचे. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. बाबांना वाटायचं, रहदारीसाठी वाजवते.

तू पाचवी आलीस. चौघींना घेतलं.

डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली आणि तडा दाखवला, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "परत कधी पळेल?" तू तिथेच टेबलावर बसली होतीस.

आणखी एक. पहिल्या पत्रात मी लिहिलं, बघतेय. ते अर्धंच खरं होतं. मला एकवीस पूर्ण करून पदक तुझ्या हॉस्टेलवर पाठवायचं होतं, चिठ्ठी न घालता. या वयात मला जमतं, तर तुला तेव्हा अडीच फेऱ्यांचं काय झालं होतं, असा त्याचा अर्थ. म्हणजे मी तुझ्यासाठी पळत नव्हते. तुला खोटं पाडण्यासाठी पळत होते. चौथ्या किलोमीटरला ते पाडणं संपलं. आता का पळते, ते मला नीट सांगता येत नाही. पण पळते.

दहा खांब पळते, एक चालते. काल नऊ किलोमीटर झाले. खांब मोजून. मोजताना एकदा चुकले, तर मागे जाऊन पुन्हा मोजले नाहीत. हे माझ्यासाठी नवीन आहे.

आई

१९ जानेवारी २०२५

सई,

सहा आठवडे तुझ्याकडून काही नाही. बाबांशी बोलतेस, पण माझ्या पत्रांबद्दल विचारत नाहीस, ते म्हणाले. मी त्यांना म्हणाले, बरोबर आहे.

संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा झाली. नंदीध्वज आपल्या चौकातून गेले. तुला लहानपणी खांद्यावरून दाखवायचो. त्या उंच काठीखाली एक माणूस थकला की दुसरा खांदा देतो, ते मी यंदा नीट बघितलं. आधी फक्त वरचं टोक बघायचे.

सतरा किलोमीटर झाले आहेत. वेळ विचारू नकोस. सिद्धलिंगप्पा सोमवारी तांब्या घेऊन निघताना माझी चौकशी करतात. अक्कम्मा म्हणतात, "पोरगी येनार का बगायला?" मी म्हणते, परीक्षा आहे.

तुझी परीक्षा आहे का, हे मला माहीत नाही.

थंडीमुळे पाय आखडतात. रात्री डाव्या नडगीला थोडं तेल लावते. विशेष काही नाही.

शर्यतीला चौदा दिवस.

आई

३ फेब्रुवारी

सई,

शर्यत काल झाली.

सकाळी सहाला सुटली. तीनशेच्या वर माणसं. माझ्या वयाच्या सात बायका, त्यांतली एक नऊवारी नेसून आली होती आणि ती माझ्यापुढे गेली. बाबा दुसऱ्या किलोमीटरला उभे होते. त्यांच्या हातात केळं होतं. दोनच किलोमीटर झालेत, आत्ताच काय केळं, असं मी ओरडले, तर ते केळं घेऊन दहा पावलं माझ्याबरोबर पळाले. चपला घालून. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांच्यासाठी.

दहापर्यंत चांगलं चाललं होतं. दहा खांब, एक खांब. कोणी हसलं नाही. बरेच जण तसंच करत होते. मला चार वर्षांत ते दिसलं नव्हतं.

चौदाव्याला डावी नडगी दुखायला लागली. खरं लिहायचं तर चौदाव्याला नाही. यात्रेच्या आधीपासून दुखत होती. चौदाव्याला मला ती लपवता येईना. पाऊल टेकलं की एकाच जागी सुई जायची. तुझं तसंच होतं का, हे मी तुला कधी विचारलं नाही. 'दुखतंय' एवढंच ऐकलं आणि 'किती राहिलं' एवढंच मोजलं.

सोळाव्याला पाण्याचं टेबल होतं. तिथे एक मुलगी होती, तुझ्याएवढी, गळ्यात शिट्टी. तिने मला बघितलं आणि ओरडली, "काकू, भारी! पाचच राहिलेत! चला चला चला!"

तिचा काही दोष नाही. ती प्रेमाने ओरडत होती. मीही प्रेमानेच ओरडले होते. पायाला त्यातला फरक कळत नाही.

मी चार पावलं गेले. तुला खोटं सांगत नाही, चार गेले. एकवीसचा आकडा डोक्यात होता. पदक होतं. मग परत तिच्याजवळ आले आणि म्हणाले, "मला दुखतंय."

हे मी गेल्या तीन आठवड्यांत कोणालाही म्हणाले नव्हते. बाबांनाही नाही.

ती शिट्टी बाजूला सारून म्हणाली, "मग थांबा ना."

तिला विचार करावा लागला नाही. लगेच म्हणाली. खुर्ची ओढली, बर्फाची पिशवी आणली, माझं नाव विचारलं. मी दुभाजकाकडे बघत बसले. सई, तीन शब्द होते. तू कुंपणाजवळून जात होतीस आणि मला ते तीन शब्द सापडले नाहीत. कुठल्याही आईला यायला हवे होते.

मागे राहिलेल्यांना गोळा करणारी बस आली. आत सात-आठ जण होते, एकमेकांना पाय दाखवत, हसत. एक पोलीस हवालदार होता. तो म्हणाला, "ताई, आपण सोळाचे. मागचे दोघं नऊचेच हायत." बसमध्ये सगळ्यांनाच पदकं वाटली. मी परत दिलं. राग नव्हता. आता ते कोणाला पाठवायचं नव्हतं.

बाबा शेवटच्या रेषेशी अर्धा तास उभे होते. मी बसमधून उतरताना दिसले तेव्हा घाबरले. मी सांगितलं, थांबले. ते म्हणाले, "तू?" मग माझा हात धरून रिक्षापर्यंत चालले. वाटेत एकदाच म्हणाले, "केळं आहे अजून."

मला वाईट वाटतंय असं तुला वाटेल. वाटत नाही. काल रात्री आठ तास झोपले.

आई

८ फेब्रुवारी

सई,

काल तुझा फोन आला. बाबांच्या फोनवर नाही, माझ्या. मी ऑफिसात बोनाफाईडवर शिक्के मारत होते. समोर पालक उभे होते. त्यांना म्हटलं, थांबा. बाहेर पायऱ्यांवर येऊन बसले.

आपण काय बोललो ते तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण माझ्याकडून मी फार कमी बोलले.

तू हॅलो म्हणाली नाहीस. विचारलंस, "किती दिवस दुखत होतं?"

मी म्हणाले, आठवडा.

तू म्हणालीस, "पत्रात यात्रेच्या आधीपासून लिहिलंयस."

मी म्हणाले, तीन आठवडे. जास्तच.

"आणि बाबांना काय सांगितलंस?"

"तेल लावतेय."

"आई, तू ना." त्यापुढे काही नव्हतं. रागही होता, दुसरंही काही होतं. मला तेवढं पुरलं असतं, पण तू फोन ठेवला नाहीस.

"एक्स-रे काढला?"

"सोमवारी काढते."

"आई."

"आज काढते."

तर काल संध्याकाळी काढला. तडा नाही. हाडाला सूज आहे, अजून आठवडाभर पळाले असते तर तडा गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. सहा आठवडे पळायचं नाही. पाच चालतील का, असं मी विचारलं नाही. बाबा साक्षीला होते.

तू म्हणालीस, डिसेंबरचं पत्र तू दोनदा वाचलंस आणि त्यावर आत्ता काही बोलणार नाहीस. नको बोलूस. ते उत्तरासाठी लिहिलं नव्हतं. कधी बोलावंसं वाटलं तर मी ऐकेन, मधे न बोलता. न जमलं तर सांग.

मग तू म्हणालीस, "नक्की कुठे दुखतं? बोट ठेव. घोट्यापासून सुरू कर. आतल्या बाजूने."

मी पायरीवर बसून बूट काढला, मोजा खाली केला. समोरून सहावीची मुलं ओळीने चालली होती, बघत होती.

"दाब. दुखतं?"

"नाही."

"वर ये. सावकाश. अजून?"

"नाही."

"अजून थोडं वर. हाडाच्या कडेने."

"इथे."

"हं," तू म्हणालीस. "माझंही तिथेच होतं."

तुला तिथून दिसलं नाही, म्हणून सांगते. जागा मला आधीच माहीत होती. सरळ बोट ठेवता आलं असतं. पण तू म्हणालीस तिथून सुरू केलं आणि तू म्हणत होतीस तसं वर नेलं, एकदाही पुढे न जाता.

आई